मुका मार

मराठीत 'मुका मार' असा एक शब्द आहे आणि तो मला आपल्या भाषेतल्या सगळ्यात नेमक्या वैद्यकीय संज्ञांपैकी एक वाटतो. कातडी फाटलेली नाही, रक्त वाहिलेलं नाही, टाका घालायची गरज नाही, एक्सरेतही काही दिसत नाही. पण आत काहीतरी फुटलंय. डॉक्टरच्या केसपेपरवर हाच शब्द, पोलिसांच्या कागदात हाच आणि आजीच्या तोंडीही हाच. मार आहे, पण तो बोलत नाही. एक-दोन दिवसांनी कातडीवर निळा डाग उमटतो तेव्हा कुठे त्याच्या तोंडून पहिलं अक्षर निघतं.

आपण ज्या मारामारीच्या सिनेमांवर वाढलो त्यांत मात्र मार कधीच मुका नसतो. ठोसा हवेत असतानाच त्याचा आवाज सुरू होतो. 'ढिशुम' हा आपल्याकडे आवाज राहिलेलाच नाही, तो क्रियापद झालाय. १९७३ चा 'एन्टर द ड्रॅगन' घ्या, ब्रूस ली जितका हातपायांनी मारतो तितकाच कानाला मारतो. खरी गंमत अशी की प्रत्यक्षात हाताच्या नळीवर नळी आदळते तेव्हा येणारा आवाज अगदी पडेल असतो. ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा. तो कोणी रेकॉर्ड करून सिनेमात घातला तर प्रेक्षक हसतील.

हा आवाज ऐकायचा असेल तर फार लांब जावं लागत नाही. संध्याकाळी सहानंतर ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणला शाळांचे हॉल आणि सोसायट्यांची क्लब हाऊसेस कराटे, किकबॉक्सिंग, तायक्वांदोच्या वर्गांनी भरतात. बाकं भिंतीला लावलेली, खाली कुठे लाल-निळ्या मॅट तर कुठे सरळ फरशी. पांढऱ्या कपड्यातली तीस-चाळीस मुलं, दाराशी चपलांचा ढीग आणि बाहेर पायऱ्यांवर मोबाईल बघत बसलेले आईवडील. तासाच्या शेवटी जरा मोठी मुलं जोड्या करून समोरासमोर उभी राहतात आणि हाताच्या नळ्या एकमेकांवर आपटतात. आतून, बाहेरून, खालून. ओकिनावाच्या परंपरेत याला 'कोते किताए' म्हणतात. कोणी पोट आवळून उभा राहतो आणि दुसरा त्याच्या पोटावर, मांडीवर, पाठीवर मारून त्याचा पवित्रा तपासतो. घरी जाऊन काही उत्साही मुलं नडगीवरून काचेची बाटली किंवा चक्क लाटणं फिरवतात, कारण यूट्यूबवर कोणीतरी तसं करून केळीचं झाड पाडलेलं असतं. या सगळ्याला बॉडी कंडिशनिंग म्हणतात. मराठीत म्हणायचं तर अंग निबर करणं.

या निबर होण्याबद्दल आपल्या पडद्यावर काय आहे, असा प्रश्न विचारला तर माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी येतो वासन बाला यांचा 'मर्द को दर्द नहीं होता'. २०१८ साली टोरांटोच्या महोत्सवात 'मिडनाइट मॅडनेस' विभागाचा प्रेक्षक पुरस्कार त्याला मिळाला. २०१९ च्या मार्चमध्ये तो इकडे लागला, थिएटरात फार चालला नाही आणि नंतर नेटफ्लिक्सवर बऱ्याच जणांनी पाहिला. मुंबईत घडणारा, व्हीएचएस टेपांवर वाढलेला, मार्शल आर्ट्सवर मनापासून प्रेम करणारा सिनेमा. आणि दुखण्याविषयीचा. या दोन गोष्टी एकत्र करणारा सिनेमा हिंदीत क्वचितच झाला असेल, म्हणून त्याच्याशी नीट भांडायला हवं.

त्याचं नाव कुठून आलं ते आधी बघू. १९८५ च्या मनमोहन देसाईंच्या 'मर्द' मध्ये बाप तान्ह्या मुलाच्या छातीवर सुरीने 'मर्द' अशी अक्षरं कोरतो आणि बाळ रडण्याऐवजी हसतं. बाप झालेत दारा सिंग. म्हणजे ज्याने आयुष्यभर मातीत आणि मॅटवर खरा मार दिला-घेतला, अशा माणसाच्या हातून हिंदी सिनेमाने ही सगळ्यात खोटी गोष्ट करून घेतली. 'मर्दाला दुखत नाही' ही बढाई पुढे टीशर्टवर, रिक्षांच्या मागे आणि शाळेच्या मैदानावर पोचली. डोंबिवलीत वाढलेल्या कुठल्याही मुलाने गुडघा फुटल्यावर हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असणार.

वासन बाला यांनी केलं ते एवढंच की ही बढाई शब्दशः घेतली. त्यांच्या नायकाला, सूर्याला, खरंच दुखत नाही. त्याला जन्मजात वेदना न जाणवण्याचा आजार आहे. एका वाक्यात पौरुषाचं ब्रीद निदानाच्या कागदावर येऊन बसतं. सिनेमातला हा सगळ्यात चांगला विनोद आहे आणि तो पहिल्या पंधरा मिनिटांत होऊन जातो.

विनोदाच्या मागची गोष्ट मात्र गंभीर आहे, आणि सिनेमाला ती सुरुवातीला पक्की माहीत आहे. दुखत नाही अशा मुलाला वाढवायचं म्हणजे त्याला 'दुखणं' परक्या भाषेसारखं शिकवावं लागतं. ते काम करतात त्याचे आजोबा. महेश मांजरेकरांनी केलेली ही भूमिका, आणि पात्राचं नावच 'आजोबा'. हिंदी सिनेमात मराठी आजोबा म्हणजे सहसा धोतर, काठी आणि उपदेश. हे आजोबा नातवाला कुंगफूच्या टेपा लावून देतात आणि कुठे लागल्यावर 'आऊच' म्हणायचं ते शिकवतात. पाणी संपलं की शरीर बंद पडेल आणि ते आपल्याला कळणारही नाही, म्हणून सूर्या पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन हिंडतो. मला ही पिशवी फार आवडते. सुपरहिरोच्या अंगावर झूल असते, याच्या पाठीवर नळी लावलेली पाण्याची पिशवी आहे. शरीराची निगा हे रोजचं, कंटाळवाणं, हिशेबाचं काम आहे हे इतक्या हलक्या हाताने सांगणारी दुसरी वस्तू मला मारामारीच्या सिनेमात आठवत नाही.

या आजाराची खरी कथा मात्र कुठल्याही सिनेमापेक्षा कठोर आहे. २००६ साली 'नेचर' मध्ये एक शोधनिबंध आला. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत एससीएन-नाइन-ए नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे मुलांना वेदना जाणवत नाहीत, असं त्यात दाखवलं होतं. त्या संशोधनाची सुरुवात एका दहा वर्षांच्या मुलापासून झाली. तो रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. संशोधकांना त्याला तपासता आलंच नाही, कारण चौदाव्या वाढदिवशी घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. मर्दाला दर्द होत नाही, याचा प्रत्यक्षातला अर्थ हा.

बाला यांना हे ठाऊक नसेल असं नाही. आजोबांची सगळी धडपड त्याच भीतीतून येते. पण सिनेमा पुढे सरकतो, सूर्या मोठा होतो, त्याला लहानपणची सुप्री भेटते, एका पायाचा कराटे मणी आणि त्याचा विकृत जुळा भाऊ जिमी येतात, हरवलेलं लॉकेट मिळवायचं असतं. आणि हळूहळू न दुखणं हे पुन्हा वरदान होऊन बसतं. नायक मार खातो, उठतो, पुन्हा मारतो. पाण्याचा हिशेब शिल्लक राहतो, दिवसांचा उरत नाही. आदल्या रात्री बेदम मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी जिना कसा उतरतो, टॉयलेटला कसा बसतो, लोकलच्या दांडीला कसा लटकतो, हे सिनेमा विचारतच नाही. १९८५ च्या ज्या बढाईची त्याने टर उडवली, शेवटी तिच्याच रांगेत तो उभा राहतो. फरक एवढाच की हा हसत उभा राहतो.

मी हे कुरकुरीच्या सुरात म्हणत नाहीये. सिनेमाने वास्तववादी असावं असा माझा हट्ट नाही. अडचण अशी आहे की या सिनेमाने स्वतःच 'दुखणं म्हणजे माहिती' अशी अट मांडली आणि मग स्वतःच ती मोडली.

त्या माहितीत असतं काय? मार बसतो तेव्हा कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला झिरपतं. आजीच्या भाषेत रक्त साकळतं. सुरुवातीला लाल, मग निळंजांभळं. शरीर त्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची मोडतोड सुरू करतं तसा डाग हिरवट होतो, मग पिवळा, शेवटी तपकिरी छटा उरते. साधारण दोन आठवडे. काविळीत ज्यामुळे डोळे पिवळे होतात तेच बिलिरुबिन इथे मांडीवर पिवळा डाग काढतं. म्हणजे ठाण्याच्या हॉलमध्ये बसलेला एक फटका पंधरा दिवस रंग बदलत राहतो, आणि आत काय चाललंय त्याचा रोजचा अहवाल कातडीवर टाकत राहतो. पैलवान, बॉक्सर, कराटेवाले यांना हे रंग वाचता येतात. कुठला डाग कालचा आणि कुठला गेल्या आठवड्यातला हे ते बघून सांगतात, निदान आपल्याला तसं वाटतं तरी. डॉक्टर या बाबतीत जास्त सावध असतात, कारण रंगावरून दिवस मोजणं वाटतं तितकं सोपं नाही.

हाडाचं वेळापत्रक तर आणखी संथ. जर्मन सर्जन ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम असा की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची रचना बदलतं. कंडिशनिंगच्या सगळ्या समर्थकांचा हा लाडका नियम. थाई बॉक्सिंगवाल्यांच्या नडग्या, कराटेवाल्यांची बोटांची पेरं, सगळ्याचं स्पष्टीकरण वोल्फच्या नावावर खपतं. पण हे बदल महिन्यांच्या हिशेबाने होतात, आणि होतात ते मार बसताना नाही, मधल्या दिवसांत. हाडाचा जुना भाग आधी काढला जातो, नवा नंतर घातला जातो. या मधल्या काळात ते आधीपेक्षा कच्चं असतं. त्याच वेळी पुन्हा मारलं तर निबरपणा येत नाही, बारीक तडा जातो. म्हणजे कंडिशनिंगचा निम्मा भाग सुट्टीच्या दिवशी घरी गादीवर पडून होतो. हे पोस्टरवर छापता येत नाही.

सिनेमाला तर अजिबात दाखवता येत नाही. सिनेमाकडे यावर एकच उपाय असतो, मोंताज. गाणं सुरू झालं, सूर्य उगवला, घाम निथळला, कॅलेंडरची पानं उडाली आणि दोन मिनिटांत शरीर तयार. मोंताजमध्ये थकवा असतो, बरं होणं नसतं. हिंदीतला जवळपास प्रत्येक खेळपट या दोन मिनिटांवर उभा आहे.

याला अपवाद म्हणून हाँगकाँगच्या 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' या १९७८ च्या सिनेमाचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. लाउ कार-लिउंग यांचा हा सिनेमा अर्ध्याहून अधिक वेळ फक्त सराव दाखवतो. नायक दंडांना सुऱ्या बांधून पाण्याच्या बादल्या वाहून नेतो, हात खाली आला तर सुरी बरगडीत. वेळ लागतो, चूक होते, पुन्हा पहिल्यापासून. दिग्दर्शक स्वतः कुंगफू परंपरेतला असल्याने तो काळाशी प्रामाणिक आहे. पण त्यातच एक दालन असं आहे जिथे भिक्षू टांगलेल्या वाळूच्या पिशव्यांवर डोकं आपटून डोकं निबर करतात. इथे मात्र थांबायला हवं. नडगी निबर होते, पोटाचे स्नायू मार झेलायला शिकतात, तळहाताला घट्टे पडतात. मेंदू निबर होत नाही. कवटीच्या आत तो हलतो आणि प्रत्येक हलण्याचं थोडं थोडं साठत जातं. बॉक्सर, फुटबॉलपटू यांच्याबाबत हे आता पुरेसं सिद्ध झालंय. तरीही डोक्याने फरशा फोडण्याचे कार्यक्रम आपल्याकडे वर्धापनदिनाला होतात आणि समोर पालक टाळ्या वाजवतात.

'मर्द को दर्द...' मधला कराटे मणी ज्या टेपमुळे सूर्याचं दैवत होतो, त्यात तो शंभर जणांशी एकामागून एक लढतो. ही कल्पना हवेतून आलेली नाही. मासुतात्सू ओयामा यांच्या क्योकुशिन कराटेत 'शंभर माणसांचं कुमिते' खरोखर असतं. ती पूर्ण करणारे जगात मोजकेच, आणि त्यांतल्या काहींना नंतर रुग्णालयात दाखल करावं लागलं. कारण साधं आहे. इतका मुका मार बसला की ठेचलेल्या स्नायूंमधली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं तुंबतात. लघवी चहाच्या रंगाची झाली की समजावं. सिनेमात शंभरावा माणूस पडल्यावर दंतकथा सुरू होते. प्रत्यक्षात सलाईन सुरू होतं.

या बाबतीत मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो जॅकी चॅन, आणि तोही सिनेमात नाही, सिनेमा संपल्यावर. ऐंशीच्या दशकापासून त्याच्या सिनेमांच्या शेवटी नामावलीसोबत फसलेले शॉट्स दाखवायची पद्धत पडली. चुकलेली उडी, पाय धरून बसलेला जॅकी, धावत येणारे लोक, स्ट्रेचर. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड' च्या वेळी झाडावरून पडून त्याची कवटी फुटली होती, तेही आहे. आम्ही लहानपणी केबलवर हे बघत असू तेव्हा केबलवाला नामावली सुरू झाली की पुढची जाहिरात लावायचा आणि आम्ही ओरडायचो. कारण खरा सिनेमा तेव्हाच सुरू व्हायचा. दोन तास ज्या शरीराला काहीच होत नव्हतं त्याला शेवटच्या तीन मिनिटांत लागायचं. मुका मार बोलायचा.

हाँगकाँगच्या सिनेमाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी आपल्या सिनेमाने जवळपास टाकून दिली. मारायला शिकवणारा आणि मार बरा करणारा हा एकच माणूस असतो. त्यांचा सगळ्यात लाडका नायक वाँग फेई-हुंग हा इतिहासातला खरा माणूस, कुंगफूचा गुरू आणि वैद्यही. १९९१ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' मध्ये जेट लीने तो केला, त्याआधी जॅकी चॅनने 'ड्रंकन मास्टर' मध्ये. त्याचा दवाखाना हे त्या सिनेमांतलं महत्त्वाचं घर. दक्षिण चीनच्या आखाड्यांत मुरवलेल्या वनस्पतींचं एक औषध असतं, त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'पडलं-मारलं-दारू'. प्रत्येक गुरूची कृती वेगळी आणि गुपित. केरळात कळरीपयट्टूचा गुरुक्कलही मर्मं शिकवतो आणि तेलाने चोळून बरंही करतो. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद हाच मालिश कशी करायची ते दाखवतो, आणि गावात हाडवैद्य नावाचा माणूस अजूनही असतो. पैलवानाचा चेपलेला कान ही तर या सगळ्याची उघडी सही. कान मातीवर, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर घासून घासून कातडी आणि कूर्चा यांच्यात रक्त साठतं, वेळेवर काढलं नाही की ते घट्ट होतं आणि कान कायमचा फुलकोबीसारखा होतो. मुक्या माराची ही एकच खूण असेल जी लोक अभिमानाने मिरवतात.

शहरातल्या वर्गांत ही जोडी तुटली. शिक्षक शिकवतो आणि तासाला आठ वाजता कुलूप लागतं, कारण हॉल शाळेचा आहे. बरं करण्याचं काम घराकडे जातं, म्हणजे बहुतेक वेळा आई किंवा आजीकडे. आमच्या घरी सहाणेवर आंबेहळद उगाळली जायची, कधी सोबत रक्तचंदन. लेप वाळून कातडी ओढायला लागला की बरं वाटायचं. हळदीतलं औषध कातडीतून आत किती जातं याबद्दल मला शंका आहे, पण लेपाने एक गोष्ट नक्की व्हायची. तो लावलेला असेपर्यंत हात हलवता यायचा नाही. दोन-तीन संध्याकाळी वर्ग बुडायचा. हाडाला हवी असलेली सुट्टी सहाण मिळवून द्यायची.

आजीच्या हातचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. 'रगड, म्हणजे साकळलेलं रक्त पांगेल' हा सल्ला ठाणे जिल्ह्यात घरोघरी मिळतो आणि तो मांडीच्या खोल माराला धोक्याचा आहे. पहिल्या दिवसांत जोराने रगडलं किंवा त्याच जागी पुन्हा मार बसला तर स्नायूच्या आत चक्क हाड तयार होऊ लागतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स असं त्याचं नाव. दोन-तीन आठवड्यांनी गाठ कडक लागते, गुडघा पूर्ण वाकत नाही. नव्या सल्ल्यांचंही तसंच. बर्फ लावायचा, दाबून बांधायचं, पाय वर ठेवायचा हे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि जगभरच्या मैदानांवर ते मंत्रासारखं म्हटलं गेलं. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ दुखणं कमी करतो, पण बरं होणं लांबवूही शकतो. सूज ही शरीराची दुरुस्ती आहे, तिला गोठवून काय मिळवायचं? आता म्हणतात, सुरुवातीला जपा, मग दुखणं विचारत विचारत हळूहळू हालचाल वाढवा. दुखणं विचारत विचारत! हे सूर्याच्या आजोबांनीच सांगितलं होतं.

आता आपल्याच गावचा एक सिनेमा. निशिकांत कामत यांचा २००५ चा 'डोंबिवली फास्ट' हा मार्शल आर्ट्सचा सिनेमा नाही, पण मला तो नेहमी अंग निबर करण्याचा सिनेमा वाटत आलाय. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे, बँकेतला कारकून. सुरुवातीला त्याचा दिनक्रम पुन्हा पुन्हा येतो, तीच घंटा, तीच गाडी, तीच गर्दी. हेही मोंताजच आहे. फक्त खेळपटात प्रत्येक फेरीला शरीर घडत जातं आणि इथे ते आतून ठेचलं जातं. रोज थोडा मार, रोज त्याच जागी, मध्ये सुट्टी नाही. वोल्फच्या नियमाने बघितलं तर तडा कधी जाणार एवढाच प्रश्न. तो जातो आणि आपटे बॅट उचलतो. समीक्षकांनी तेव्हा त्याला संतापलेल्या मध्यमवर्गाची कथा म्हटलं, ते ठीकच आहे. पण ती बॅट चालवणारं शरीर अजिबात शिकलेलं नाही हे त्यातलं सगळ्यात खरं. त्याला मार खाता येतो, देता येत नाही, आणि थांबता तर मुळीच येत नाही. शिकलेल्या आणि न शिकलेल्या शरीरातला फरक शेवटी थांबण्यातच दिसतो. कराटेच्या वर्गात पहिली दोन वर्षं मुलांना ठोसा समोरच्याच्या नाकाआधी थांबवायला शिकवतात ते उगाच नाही.

'मर्द को दर्द...' मध्ये हा धागा सुप्रीकडे होता आणि सिनेमाने तो पुरेसा ओढला नाही, ही माझी मुख्य तक्रार. राधिका मदानने केलेली सुप्री सूर्यापेक्षा चांगली लढते. तिला दुखतं, तरी लढते, त्यामुळे तिचं लढणं जास्त किमतीचं आहे. आणि हीच मुलगी घरी आजारी आई आणि तिच्यावर हक्क गाजवणारा होणारा नवरा यांच्यात अडकलेली आहे. जी रस्त्यावर चार जणांना आडवं करते ती एका माणसापुढे गप्प. या विसंगतीत एक अख्खा सिनेमा होता. न दुखणाऱ्या मुलाच्या गमतीत तो बाजूला पडला. दुखणं लपवणाऱ्या मुलीची गोष्ट सांगायला दिग्दर्शकाला स्वतःची व्हीएचएस कपाटं थोडा वेळ बंद करावी लागली असती.

कारण मुका मार मुलाच्या अंगावर असला तर ते पदक असतं. मुलगा कोपरापर्यंत बाह्या दुमडून तो दाखवतो. मुलीच्या हातावरचा तोच डाग लोक वेगळ्या लिपीत वाचतात. वर्गातल्या आम्ही मुली पूर्ण बाह्यांचे कुडते घालून घरी जायचो. उन्हाळ्यातही. बेल्ट टेस्टच्या आधीच्या आठवड्यात तर नक्कीच, कारण तेव्हा दोन्ही नळ्या मनगटापासून कोपरापर्यंत पिकलेल्या जांभळासारख्या असायच्या. आम्हाला त्याची लाज नव्हती. उत्तरं देत बसायचा कंटाळा होता.

अशाच एका आठवड्यात ठाण्याला कल्याण स्लो पकडली, लेडीज डब्यात. कळव्यापर्यंत उभी, मुंब्र्याला जागा झाली. वरच्या कडीला हात गेला तशी बाही घसरली. समोरच्या काकू बराच वेळ बघत होत्या, मांडीवर पालेभाजी निवडत. दिवा गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

मी म्हटलं, "काकू, कराटे आहे."

"हं," म्हणाल्या. मेथीची दोन-तीन पानं काढली. "माझी धाकटी जिन्यावरून पडायची. दर पंधरा दिवसांनी."

मी मोबाईलवर वर्गाचा व्हिडिओ काढून दाखवला. पांढरे कपडे, समोरासमोर दोन रांगा, नळीवर नळी. आवाज बंद होता. त्यांनी तो पूर्ण बघितला, मग पुन्हा एकदा माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. आंबेहळद लाव म्हणाल्या, रगडू नकोस म्हणाल्या. कोपर आलं तशी पिशवी आवरून उठल्या आणि दारापाशी जाण्याआधी वाकून म्हणाल्या, "माझा नंबर घेऊन ठेव. कराटेचाच असेल गं. तरी असू दे."